दोन हजार यार्डांचा हिशोब

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय आपल्या रेड झोनचा आहे. पण घरं नियमित कधी होणार, प्रॉपर्टी कार्ड कधी मिळणार, यावर आज लिहीत नाही. त्यावर निवडणुकीत पुरेसं बोललं जातं. मी आयुष्यभर चिंचवडला कॉस्टिंगमध्ये नोकरी केली, त्यामुळे माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न घोळतो. दारूगोळ्याच्या कारखान्यांचा आणि कोठारांचा जो खर्च त्यांच्या कुंपणाबाहेर पडतो, तो नेमका कुणाच्या वहीत लिहिला जातो?

आधी माझं सांगतो. १९९८ साली मी रुपीनगरला अर्धा गुंठा घेतला. तेव्हा कंपनीतला निम्मा स्टाफ असाच रुपीनगर, तळवडे, चिखलीकडे जागा बघत होता. कागद नोटरीचा, बांधकाम हप्त्याहप्त्याने, पगार झाला की सिमेंट. २००२ मध्ये देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांची अधिसूचना निघाली आणि माझं घर रेषेच्या आत गेलं. मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवायचा होता. बँकेच्या साहेबांनी पत्ता वाचला, फाईल मिटली आणि म्हणाले, "काका, या पत्त्यावर नाही होणार." झालं. मजला चढला नाही. मुलगा आता वाकडला भाड्याने राहतो.

घरखर्चाच्या वहीत हे भाडं मी वेगळ्या रकान्यात लिहितो. बायको हसते. म्हणते, तुम्ही अजून कंपनीतच आहात. असेन. पण खर्च कुठेतरी लिहिला तरच दिसतो, ही सवय जात नाही.

आता दुसरी गोष्ट. रिटायर झाल्यावर मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्लेटिंगच्या युनिटचे हिशोब बघतो. बारा माणसांचं शॉप. तिथे टाकीच्या तळाशी गाळ साठतो, जड धातूंचा. तो गटारात सोडता येत नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाही. ड्रममध्ये भरायचा, त्यावर लेबल लावायचं, नोंद ठेवायची आणि रांजणगावच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे पाठवायचा. वाहतुकीचे वेगळे, विल्हेवाटीचे वेगळे, किलोवर पैसे. मॅनिफेस्टची प्रत परत आली की मालकाच्या जिवात जीव येतो. चाकणच्या मोठ्या गाडी कंपन्यांपासून या बारा माणसांच्या शॉपपर्यंत सगळ्यांना हा नियम आहे. म्हणजे बोल्टला मुलामा देण्याच्या भावातच त्याचा गाळ पुरण्याचे पैसे धरावे लागतात.

मग तोफगोळ्याच्या भावात काय धरलेलं असतं?

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आपण म्हणतो पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी, आणि सुरुवात सांगतो १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. पुढे १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. पण या पट्ट्यातला खरा जुना उद्योग दारूगोळ्याचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि खडकीला छावणी बसली. तिथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. टेल्कोच्या कितीतरी आधी इथे भोंगा वाजत होता तो त्याचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९४० साली, खडकीलाच हाय एक्स्प्लोसिव्ह फॅक्टरी आली. त्याच युद्धाच्या धामधुमीत देहूरोडला मोठी कोठारं वाढली. माळ मोकळा होता, रेल्वे जवळ होती, डोंगराचा आडोसा होता. जागा निवडणारे चुकले नव्हते. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, हे आपल्याला माहीत आहेच.

नंतर शहर वाढत वाढत कोठाराच्या कुंपणाला जाऊन भिडलं. कारखान्यांना कामगार हवे होते, कामगारांना परवडेल अशी जागा तिथेच होती. निगडी, यमुनानगर, तळवडे, चिखली, किवळे, रावेत, मामुर्डी. यात कोण चुकलं यावर आपण तीस वर्षं भांडतोय. मला त्यापेक्षा हिशोब मांडायचा आहे. कुंपणाबाहेर पडणारा खर्च मला तीन प्रकारचा दिसतो.

पहिला, अंतराचा खर्च. रेड झोनचा कायदा १९०३ चा आहे, वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट. त्याची भाषा वाचा, किल्ल्याच्या तटबंदीची आहे. तटापासून कमाल दोन हजार यार्डांपर्यंत जमीन मोकळी ठेवायची, बांधकाम नको, जमिनीची पातळीही बदलायची नाही. दोन हजार यार्ड म्हणजे १,८२९ मीटर. मी कागदावर गणित केलं. कोठार हा एकच ठिपका धरला तरी त्याभोवतीचं वर्तुळ साडेदहा चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे जवळपास २,६०० एकर. कोठार ठिपका नसतं, ते स्वतःच मैलभर पसरलेलं असतं. त्यामुळे वर्तुळ याहून मोठं. त्यातली काही जमीन लष्कराचीच, पण उरलेली शेतकऱ्याची, गुंठेवाल्याची, महापालिकेची.

लक्षात घ्या, याच कायद्यात भरपाईची तरतूद आहे. जमिनीच्या वापरावर बंधन आलं तर जिल्हाधिकाऱ्याने नोटीस काढायची, दावे ऐकायचे, निवाडा द्यायचा. इंग्रजांनीसुद्धा मान्य केलं होतं की दुसऱ्याची जमीन सुरक्षेसाठी मोकळी ठेवणं हा खर्च आहे. तो खर्च कोठार चालवण्याच्या खर्चात धरायला हवा. आपल्याकडे ‘रेड झोनची हद्द कमी करा’ ही मागणी गाजते, ‘भरपाईचा निवाडा करा’ ही मागणी फारशी ऐकू येत नाही. आणि जो खर्च मागितला जात नाही तो दुसऱ्याच्या खिशातून जातो. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये जेएनएनयूआरएममधून गोरगरिबांसाठी इमारती उभ्या राहिल्या, त्या याच रेषेच्या वादात अडकून उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. तो पैसा केंद्राचा, राज्याचा आणि महापालिकेचा, म्हणजे आपलाच.

दुसरा, जुन्या दारूगोळ्याचा खर्च. औषधासारखी दारूगोळ्यालाही मुदत असते. मुदत संपली की तो जास्त धोकादायक. तो निकामी करायला माणसं लागतात, मोकळी जागा लागते, पैसे लागतात. हे काम लांबलं तर काय होतं ते महाराष्ट्राने वर्धा जिल्ह्यात पाहिलंय. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा कोठारात आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. आसपासची गावं रात्रीतून रिकामी करावी लागली. त्याच्या आदल्या वर्षीच, २०१५ मध्ये, कॅगने लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावर अहवाल दिला होता. वापरायोग्य नसलेला, नाकारलेला दारूगोळा कोठारांमध्ये पडून आहे, हे त्यात होतं. २०१७ च्या पाठपुराव्याच्या अहवालातही तोच सूर होता.

मग २० नोव्हेंबर २०१८. पुलगावच्याच मैदानावर जबलपूरच्या खमरिया फॅक्टरीचा जुना माल नष्ट करायचं काम चालू होतं. स्फोट झाला, सहा जण गेले. त्यातले बहुतेक ठेकेदाराचे रोजंदारीवरचे मजूर, आसपासच्या गावातले. खड्डे खणायचे, पेट्या उतरवायच्या, हे काम ते करत होते. नगरच्या के. के. रेंजकडेही वेगळं नाही. सरावानंतर माळावर पडलेल्या गोळ्यांचं पितळ-तांबं गोळा करायला माणसं जातात आणि न फुटलेला गोळा हातात फुटतो. विल्हेवाटीच्या खर्चाची पुरेशी सोय नसली की हे काम स्वस्तात होतं, आणि स्वस्त म्हणजे कुणाच्या जिवावर, हे या बातम्यांत दिसतं.

तिसरा, माती आणि पाण्याचा खर्च. हा सगळ्यात कमी दिसतो. टीएनटी बनवताना जे सांडपाणी निघतं त्याला जगभर ‘रेड वॉटर’ म्हणतात, रंगावरूनच. गोळे भरताना आणि धुताना जे निघतं ते ‘पिंक वॉटर’. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये टीएनटी भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची, लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणायचे. आरडीएक्स मातीत फारसं अडकत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि भूजलात दूरवर जातं. रॉकेटच्या इंधनातलं पर्क्लोरेट थायरॉइडला त्रास देतं. दीडशे वर्षं जिथे हे काम चाललंय तिथल्या मातीत काय आहे, हे तपासल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये. ‘सगळं विषारी आहे’ असं मीही म्हणत नाही. मी म्हणतो, तपासणीचा आकडा लोकांसमोर हवा.

आता कुणी म्हणेल, काका, युद्धसामग्रीचा असा हिशोब कधी कुणी ठेवतो का? ठेवतो. आपल्याच मुंबईत ठेवला गेला होता.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्याच जहाजात कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. स्फोटकं असली की लाल निशाण लावायचं असतं, ते लावलेलं नव्हतं. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. विमा कंपन्यांनी हात वर केले, कारण साध्या आगीच्या पॉलिसीत असला स्फोट बसत नव्हता. तेव्हा सरकारने त्याच वर्षी भरपाईचा खास वटहुकूम काढला आणि दावे स्वतः चुकते केले. ढिगारा उपसून गोदी पुन्हा चालू करायला सुमारे आठ हजार माणसं सात महिने राबली. त्यानंतर कित्येक दशकं गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडत राहिल्या. परकी सरकार होतं, ऐन युद्ध चालू होतं, तरी ‘माल आमचा, नुकसान आमच्या खात्यात’ हे मान्य झालं. कारण उघड आहे. नुकसान मुंबईच्या मध्यभागी झालं होतं, व्यापाऱ्यांचं झालं होतं, आणि एका दिवसात झालं होतं. आपलं नुकसान थेंबाथेंबाने होतं, म्हणून त्याला वटहुकूम निघत नाही.

बाहेर बघा. ‘रेड झोन’ हा शब्द आपल्याला आपला वाटतो, पण फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अधिकृत ‘झोन रूज’ आखला होता. शब्दशः लाल पट्टा. व्हर्दूनच्या आसपासची गावंच्या गावं कायमची सोडून दिली, कारण जमिनीत न फुटलेले गोळे होते. आजही तिकडचे शेतकरी नांगरताना गोळे काढतात आणि सरकारी पथक येऊन घेऊन जातं. शंभर वर्षांनंतरही तो पगार चालू आहे. व्हर्दूनजवळच १९२० च्या दशकात रासायनिक गोळ्यांचे ढीग जाळले गेले. त्या जागेवरच्या मातीत शास्त्रज्ञांना इतकं आर्सेनिक सापडलं की तिथे गवतही धड उगवत नव्हतं. स्वस्तात केलेली विल्हेवाट अशी नातवंडांकडे बिल पाठवते.

अमेरिकेत हवाईजवळ काहोओलावे नावाचं बेट आहे. नौदलाने तिथे पन्नास वर्षं बाँबफेकीचा सराव केला. १९९३ मध्ये त्यांच्या संसदेने सफाईसाठी ४० कोटी डॉलर मंजूर केले. दहा वर्षं काम चाललं, पैसे संपले, आणि बेटाचा सुमारे पाऊण पृष्ठभाग साफ झाला. खोलवर सफाई झाली ती फक्त दहाव्या भागाची. यातून मला दोन गोष्टी कळतात. सफाई सरावापेक्षा महाग पडू शकते. आणि आधी बाजूला पैसे ठेवले नसतील तर नंतर पुरत नाहीत.

अमेरिका काही साधुसंत नाही. फिलिपाइन्समधले आपले मोठे तळ १९९१-९२ मध्ये सोडताना त्यांनी सफाईची जबाबदारी घेतली नाही. त्यांच्या संरक्षण खात्याचं ऑडिट अजून एकदाही स्वच्छ निघालेलं नाही. पण एक गोष्ट त्यांनी केली. लष्करी जागांच्या सफाईचा कार्यक्रम १९८६ मध्ये कायद्याने सुरू केला, आणि सफाई व विल्हेवाटीचं भविष्यातलं देणं ताळेबंदात दाखवणं सक्तीचं केलं. आकडा चुकतो, कमी-जास्त होतो, त्यांचेच ऑडिटर त्यावरून झोडपतात. २०१७ मध्ये तर सरकारच्या पर्यावरणीय देण्याला ‘जास्त जोखमीच्या’ यादीत टाकलं. पण झोडपायला आकडा तरी आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारचे हिशोब रोखीवर चालतात. पैसा आला ती जमा, गेला तो खर्च. उद्या करावी लागणारी सफाई आज कुठेच दिसत नाही. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी रुपये आहे. भांडवली खर्च, पगार, पेन्शन, सगळं त्यात आहे. लष्कराकडे देशभर सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. त्या जमिनीतल्या जुन्या दूषणाचं देणं किती, असा एकही आकडा त्या कागदांत नाही. पद्धतच तशी आहे, त्यात कुणा अधिकाऱ्याचा दोष नाही.

पण १ ऑक्टोबर २०२१ ला एक मोठा बदल झाला, आणि तो आपल्या दारात झाला. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं, सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचं मुख्यालय पुण्यातच. खडकीचे दोन्ही कारखाने, देहूरोडची फॅक्टरी, तिकडे वरणगाव, भंडारा, चांदा, सगळे त्या कंपनीत. कंपनी म्हटलं की कंपनी कायदा आला, ताळेबंद आला, आणि लेखा मानकं आली. इंड एएस ३७ म्हणतं, भूतकाळातल्या घटनेमुळे देणं लागत असेल आणि अंदाज करता येत असेल, तर तरतूद करा. इंड एएस १६ म्हणतं, यंत्र काढून जागा पूर्ववत करायचं बंधन असेल तर तो खर्च मालमत्तेच्या किमतीतच धरा. आमच्या कंपनीत याच कलमांवरून ऑडिटरशी वाद घालण्यात माझे मार्च महिने गेलेत.

म्हणजे आता एकट्या देहूरोडमध्येच दोन प्रकारच्या वह्या आहेत. फॅक्टरी कंपनीच्या वहीत, जिथे भविष्यातलं देणं लिहावं लागतं. कोठार लष्कराच्या वहीत, जिथे ते लिहायला रकानाच नाही. आणि सगळ्यात अवघड प्रश्न मधल्या वर्षांचा. १८६९ ते २०२१ मध्ये मातीत जे काही गेलं असेल ते कुणाचं? नव्या कंपनीचं, की सरकारचं? हे आत्ताच, स्पष्ट, कागदावर ठरायला हवं. जमीन हस्तांतरित होऊन मॉल किंवा टॉवर उभा राहिल्यावर ठरवून उपयोग नाही. छावण्यांचा नागरी भाग महापालिकांना जोडायची प्रक्रिया देशभर सुरू आहे, उद्या आपल्याकडेही ती जमीन येईल. येताना तिच्याबरोबर काय येतंय ते बघायला नको?

कायदा आहे. ‘जो दूषित करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पक्कं केलं, राजस्थानच्या बिछडी गावच्या रासायनिक कारखान्यांच्या आणि वेल्लोरच्या चामड्याच्या खटल्यात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमही काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य मंडळाने तपासायची, सफाईचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यायचा.

काही जण म्हणतील, काका, सैन्याच्या गोष्टीत नाक खुपसू नका. माझा थोरला भाऊ फौजेत होता. सैन्य लागतं, दारूगोळाही लागतो, आणि तो कुठेतरी ठेवावाच लागतो. कोठारात किती गोळे आहेत हे मला नको सांगू. ते गुपितच राहावं. पण माझ्या बोअरच्या पाण्यात काय आहे हे कसलं गुपित? शत्रूला त्याचा काय उपयोग? आणि पुलगावला जे गेले त्यांत गणवेशातले जवानही होतेच की. जुना माल वेळेवर, नीट निकामी करायला पैसे ठेवले तर आधी त्यांचाच जीव वाचतो.

म्हणून माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही हिशोबाच्या आहेत. एक, रेड झोनमधल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याची तपासणी वर्षातून एकदा, नायट्रेटबरोबर टीएनटी, आरडीएक्स, पर्क्लोरेट आणि शिशासाठी. अहवाल प्रभाग कार्यालयाच्या बोर्डावर. दोन, १९०३ च्या कायद्यातली भरपाईची प्रक्रिया कुठे आहे याचं लेखी उत्तर, सर्व्हे नंबरनिहाय. तीन, लष्करी जमीन रस्त्याला, पुलाला, मेट्रोला किंवा कशालाही घेताना आधी माती तपासा आणि सफाईचं देणं करारात लिहा. आपले नगरसेवक, आमदार, खासदार यांना हे विचारायला कुठलीही गुप्त माहिती लागत नाही.

भोसरीतल्या त्या प्लेटिंगवाल्याने परवा रांजणगावचं बिल माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "साहेब, गाळाला एवढे पैसे?" मी म्हटलं, गाळ तुझा आहे ना, मग भर. त्याने भरले. एवढंच मला मोठ्यांनाही म्हणायचंय.

रुपीनगर, तळवडे, किवळे, मामुर्डी, दिघीकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे जुन्या नोटिसा, निवाड्याचे कागद, पाणी तपासणीचे रिपोर्ट असतील तर कमेंटमध्ये सांगा, स्वतःचे नंबर टाकू नका. सगळं एका जागी लावू. वही मी आणतो.